थंड नळीतला श्वास

दादांचा दम उखडला तो भर दुपारी, माळ्यावरचं खोकं खाली घेताना. खोकं काही जड नव्हतं. आत जुन्या परीक्षानळ्या होत्या, वाळल्या गवतात गुंडाळून ठेवलेल्या, आणि त्या गवतावर कित्येक वर्षांची धूळ. खोकं तिरपं झालं, धूळ थेट तोंडावर आली, दादा खोकले. मग खोकला थांबला, पण श्वास काही जागेवर येईना. स्टुलावरून कसेबसे उतरून ते पलंगाच्या कडेला बसले. हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले.

"अहो, पाणी देऊ?" बायकोने विचारलं.

दादांनी मान हलवली. बोलायला हवा लागते, आणि हवा नेमकी तिथेच अडली होती. गंमत अशी की आत घ्यायला नव्हे, बाहेर सोडायलाच जास्त कष्ट पडत होते.

त्यांना हा आजार नऊ वर्षांपासूनचा. फुप्फुसांचा, जुनाट. तो जात नाही, फक्त कधी शहाण्यासारखा वागतो आणि कधी उसळतो. चाळीस वर्षं त्यांनी काच फुंकली होती. दिवे नाहीत की फुलदाण्या नाहीत, प्रयोगशाळांची काच. चंचुपात्रं, वळणावळणाच्या नळ्या, नळीच्या आत नळी असलेली थंड करायची उपकरणं. पुढ्यात सतत बर्नरची निळी ज्वाळा, बाजूला काच घासायच्या चाकाची पांढरी धूळ, कोपऱ्यात मापाच्या रेघा कोरायचं आम्ल, आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे त्याच ज्वाळेवर पेटवलेली सिगारेट. धाकटा भाऊ दादा म्हणायचा म्हणून सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायला लागली आणि त्यांच्या बायकोला वहिनी. मागच्या घरातली ऐंशीची म्हातारीसुद्धा "अहो वहिनी, दूध उतू गेलं बघा" अशी हाक मारायची.

वहिनींनी औषधाच्या फवाऱ्याचा पंप दादांच्या तोंडात दोनदा मारला, तिसऱ्यांदा मारला. मग दादांच्या ओठांचा रंग पाहिला आणि पंप बाजूला ठेवून सरळ रस्त्यावर जाऊन पहिली दिसली ती गाडी थांबवली. गाडीवाल्याने दादांकडे बघितलं, एक शब्दही न बोलता पुढची काच खाली केली आणि वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही. वहिनींना ते पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

इस्पितळाच्या त्या लांबट खोलीत बारा खाटा होत्या. खिडक्यांच्या खालच्या काचा हिरव्या रंगवलेल्या. त्यातून येणारं ऊन जमिनीवर पडलं की खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटे. दादांच्या नाकात नळी आली, हाताला सुई, बोटाला चिमटा. वाफ दिली, औषधं दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दम थोडा खाली बसला होता, तरी छातीचा भाता चालूच होता, आणि वहिनी खाटेशेजारी बसून तो बघत होत्या.

बघवेना म्हणून त्यांनी एक गोष्ट केली. भिंतीवर प्राणवायूचं यंत्र होतं. काचेच्या उभ्या नळीत एक छोटी गोळी तरंगत होती आणि खाली चावी. सकाळी सिस्टरने ती चावी हलकेच फिरवताना वहिनींनी पाहिलं होतं. इकडेतिकडे कोणी नाहीसं बघून त्यांनी ती चांगली दीड वेढा फिरवली. गोळी टुणकन वर गेली.

दादांना खरंच बरं वाटायला लागलं. इतकं बरं की त्यालाच भ्यायला हवं होतं.

आधी हातापायांतला ताण गेला. मग खाटा दूर सरकल्या. मग दादा आपल्या जुन्या कारखान्यात होते, पण कारखान्याच्या भिंती काचेच्या झाल्या होत्या आणि त्या अजून गरम होत्या, मऊ, नारिंगी. कोणी जवळून गेलं की त्याच्या सावलीचा ठसा भिंतीवर उमटायचा आणि हळूहळू भरून यायचा. दादांची आई आली. ती जाऊन किती वर्षं झाली होती, पण ती पदर खोचून लगबगीने आली आणि म्हणाली, "हात लावू नकोस रे, भाजेल." दादा म्हणणार होते की मला काय सांगतेस, मी उस्ताद माणूस. पण बघतात तर ते स्वतःच लांब नळीच्या टोकाला होते. कोणीतरी त्यांना फुंकत होतं. घाईने नाही, जाणत्या माणसासारखं, थोडं फुंकून थांबत, फिरवत, पुन्हा थोडं. दादा मोठे होत होते आणि पातळ होत होते. आरपार दिसू लागलं होतं. आता अजून एक फुंक, एवढीच, आणि...

"काका! डोळे उघडा! अहो काका!"

चांगला जमत आलेला नग कोणी धक्का देऊन बिघडवावा तसे दादा वैतागले. डोळे उघडले तर तोंडावर घट्ट मुखवटा बसवत होते आणि एक यंत्र त्यांच्या वतीने श्वास ढकलत होतं.

"चावी कोणी फिरवली?" सिस्टर विचारत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मी," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, जास्त दिला तर जास्त बरं वाटेल."

"ह्या आजारात प्राणवायूसुद्धा बेताने द्यावा लागतो, काकू. जास्त झाला तर आतला खराब वायू बाहेर पडत नाही, साठतो. माणूस झोपेत जातो. छान झोपेत. आणि मग उठत नाही."

वहिनी त्यानंतर संध्याकाळपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, जणू ते हात दुसऱ्या कोणाचे होते आणि त्यांना सांभाळायला दिले होते. मुखवटा निघाल्यावर दादांनी पहिलं वाक्य चार तुकड्यांत उच्चारलं.

"गेलो असतो... तर मजेत... गेलो असतो... बघ."

"जीभ आवरा," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दुपारपासून पहिल्यांदा रडल्या.

चौथ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई आली. खांद्याला पिशवी, हातात बर्फाची निळी पेटी. ती खोलीतल्या प्रत्येकाचं काही ना काही मोजत असायची, म्हणून रुग्णांनी तिचं नाव मापाडी ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

"काका, माझ्या अभ्यासासाठी तुमचं थोडं रक्त हवंय. आणि थोडा श्वास."

"श्वास?" वहिनी उभ्याच राहिल्या. "अहो बाई, ह्यांच्याकडे आहे तोच पुरत नाहीये. त्यातला तुम्ही घेऊन जाणार?"

"ते सोडतात तोच घेणार, काकू. टाकाऊच असतो तो."

दादांना हसू आलं आणि हसल्यामुळे खोकला आला. खोकला ओसरेपर्यंत ती थांबली, मग खाटेच्या कडेला बसून सांगू लागली. प्राणवायू आपल्याला जगवतो, पण त्याच्या कामातून ठिणग्याही उडतात. सगळ्यांच्याच शरीरात, रोज. धूर, धूळ, जंतू आत आले की फुप्फुसात त्या जास्त उडतात. त्या विझवायला शरीराने राखणदार ठेवलेले असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणायचं. ह्या जुनाट आजारात ते राखणदार बारा महिने जुंपलेले. त्यात असा दम उसळला की ठिणग्यांचा नुसता वर्षाव होतो आणि राखणदार धडाधड खर्ची पडतात.

"किती पडतात, आणि परत किती दिवसांनी भरून येतात, हे मला बघायचंय. राखणदार रक्तात मोजते आणि ठिणग्यांच्या खुणा श्वासात. एकदा आज, मग दीड महिन्याने पुन्हा."

"आणि मोजून काय होणार?" दादांनी विचारलं.

"अजून माहीत नाही. म्हणून तर मोजतेय."

हे उत्तर दादांना पटलं. आयुष्यात त्यांना जी माणसं आवडली होती ती सगळी 'माहीत नाही' म्हणू शकणारी होती.

वहिनींना मात्र पटलं नाही. "मग ते राखणदार वाढवायला काय खायला घालायचं तेवढं सांगा. आजच आणते."

"तेवढं सोपं असतं तर मी ही पेटी कशाला वागवली असती, काकू? भाजी, फळं खाऊ द्या, चांगलंच आहे. गोळ्याही देऊन पाहिल्यात लोकांनी, पण छातीठोकपणे सांगावं असं काही अजून हाती नाही. एकच गोष्ट छातीठोक. सिगारेट."

"चार वर्षं झाली सोडून," दादा म्हणाले.

मापाडीने वहिनींकडे पाहिलं.

"चार वर्षं," वहिनी म्हणाल्या, "आणि अधूनमधून काही दिवस."

दादा खिडकीच्या हिरव्या काचेकडे बघू लागले.

रक्त चटकन झालं. श्वासाला वेळ लागला. मापाडीने त्यांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात एक तोटी दिली. तोटीपुढे काचेची नळी, नळीभोवती बर्फाचं आवरण. साधा श्वास घ्यायचा आणि सोडायचा, बस्स. जोर नाही, घाई नाही. दादा सोडत राहिले. थंड काचेवर आधी धुकं आलं. मग धुक्यात बारीक टिंबं उमटली. मग दोन टिंबं एकमेकांकडे झुकली, एक झाली आणि तो पहिला थेंब निघाला, वाटेत दिसेल त्याला पोटात घेत, अडखळत. दादा एकटक बघत होते. खोलीतले आवाज मागे गेले. हा जो थेंब खाली चाललाय तो मघाशी आपल्या छातीत होता. आपण तो कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं श्वास कुठे कुठे गेला, किती भांड्यांच्या पोटात जाऊन बसला, आणि असा समोर आला नव्हता कधी.

आठव्या मिनिटाला त्यांना धाप लागली. पंधराव्याला मापाडीने थांबवलं. तळाशी जेमतेम नखावर मावेल एवढं पाणी जमलं होतं. तिने ते उजेडात धरलं आणि तिचा चेहरा पडला.

"कमी पडलं?"

"दम लागलेल्यांकडून एवढंच येतं. जास्त वेळ बसवलं की थकतात. काल पलीकडच्या आजी अर्ध्यातून उठल्या."

"ती नळी बघू."

दादांनी नळी दोन बोटांत घेतली. त्यांनी ती उन्हात फिरवली, डोळ्याशी नेली, आतून पाहिली.

"वळण चुकलंय. हे बघा, इथे गळा आवळला गेलाय. थेंब इथे येऊन बसतो, खाली उतरतच नाही. अर्धा माल वरच राहतो. आणि गळा असा अरुंद, की सोडायलाही जोर पडतो."

"पण ही कोरी आहे, काका. खास मागवलेली."

"असेल ना. ज्याने केली त्याची फुप्फुसं चांगली असणार. त्याला जोर कुठे पडतो ते कळलंच नसेल."

मापाडी पुढे झुकली. "तुम्ही द्याल करून?"

उत्तर मागून आलं. फेरीवर आलेले मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "ज्वाळेजवळ जायचं नाही. आता नाही आणि पुढेही नाही. नुसत्या वासानेसुद्धा परत इथे याल."

मोठे डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. दादांनी नळी मापाडीच्या हातात परत दिली. वहिनींनी घसा साफ केला.

"ज्याला जाता येतं त्याला सांगा मग."

"कोणाला?" मापाडीने विचारलं.

दादांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. वहिनींनीही विषय पुढे ओढला नाही.

ज्याला जाता येत होतं तो धाकटा. अकरा वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर एक पंखा. धाकट्याचं म्हणणं होतं, कारखान्यात धूर आणि धूळ बाहेर ओढणारा पंखा हवा, नाहीतर आपण दोघंही छातीने जाऊ. दादांचं म्हणणं, वाऱ्याने ज्योत हलते आणि ज्योत हलली की काच एकीकडून थंड होते, तडकते. कामाची सुट्टी बघून धाकट्याने भिंतीला भोक पाडून पंखा बसवला. दुसऱ्या दिवशी दादांनी तीन दिवस खपून केलेली मोठी वेटोळ्याची नळी हातातच तडकली. पंख्यामुळे की दादांच्या रागामुळे, ते काचेलाच ठाऊक. दादांनी पंखा उपटला, भोकात विटा भरल्या, वर गिलावा केला. धाकटा उभा राहून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, ह्यात माझाही श्वास आहे." आणि आपली हत्यारं फडक्यात बांधून निघून गेला. तीन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचं काम थाटलं. तेव्हापासून सुखदुःखाचे निरोप वहिनींमार्फत जायचे.

वहिनींनी त्याला दादांच्या आजाराचं कळवलं होतं. तो इस्पितळात येऊनही गेला होता, दादा मुखवट्यात होते तेव्हा. पाच मिनिटं उभा राहिला आणि गेला. हे वहिनींनी दादांना सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी दादा घरी आले. श्वास कसा सोडायचा ते शिकवणारी एक बाई इस्पितळात होती. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करा आणि हळू, लांब सोडा, असं तिने सांगितलं होतं. दादा घरी तेच करत बसायचे. वहिनी म्हणाल्या, "चाळीस वर्षं हेच तर केलंत. आता समोर काच नाही एवढंच." दादांनी ओठ मिटले आणि सकाळभर ते कागदावर काहीतरी काढत, खोडत बसले.

दुपारी म्हणाले, "चप्पल कुठाय माझी?"

"कुठे निघालात?"

"तुला माहितीये कुठे."

तीन गल्ल्या. पूर्वी सिगारेट अर्धी व्हायच्या आत ते हे अंतर कापायचे. आता तीस पावलं आणि विसावा. एका घराच्या पायरीवर बसले, एका बंद दुकानाच्या फळीवर बसले. वाटेत ऊन आणि सावली आळीपाळीने अंगावरून जात होती. दादांना सारखं वाटत होतं की आपण चालत नाही आहोत, रस्ताच हळूहळू मागे सरकवला जातोय. वहिनी अर्धं पाऊल मागे, हातात पंप घेऊन.

धाकट्याच्या कारखान्याला बाहेर एक छोटी खोली होती, आणि तिच्या नि आतल्या कामाच्या खोलीच्या मध्ये मोठी काच बसवलेली. धाकटा बर्नरपुढे वाकलेला होता. केस पार पांढरे झाले होते. दादांना उगाच वाटत आलं होतं की भांडणाच्या दिवशी तो होता तेवढ्याच वयाचा असेल. धाकट्याने मान वर केली. ज्योत बारीक केली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि बाहेर आला.

"आत यायचं नाही," तो म्हणाला. अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

दादांच्या कपाळावर आठी चढली.

"छातीला चालणार नाही तुला. इथे बस. वहिनी, ती खुर्ची ओढा ना." मग जरा थांबून, "पाणी?"

दादा बसले. दम परत यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ धाकटा समोर उभा राहून, ओठ आवळून, त्यांच्याबरोबर श्वास सोडत राहिला. आपण तसं करतोय हे त्याला कळलंही नसावं.

दादांनी काचेतून आत पाहिलं. बर्नरच्या मागे, जरा वर, पत्र्याचं मोठं धुराडं होतं आणि त्याच्या तोंडाशी पंखा फिरत होता. संथ, आवाज नाही. बारीक केलेली ज्योत सरळ उभी होती.

"ज्योत हलत नाही," दादा म्हणाले.

धाकटा खोटं बोलू शकला असता. "हलते," तो म्हणाला. "पहिली दोन वर्षं पुष्कळ नग तडकले. मग पंखा मागे सरकवला, धुराडं रुंद केलं. अजूनही हलते थोडी. हाताला सवय झाली."

"तुझं बरोबर होतं."

वहिनी पाण्याचा पेला विसळायच्या निमित्ताने बाहेर गेल्या. पेला स्वच्छच होता.

"बरोबर असून काय उपयोग झाला?" धाकटा म्हणाला. "मी आपला गेलो निघून. तू तिथेच बसलास, विटा लावून. मी रोज त्या भिंतीसमोर येऊन भांडायला हवं होतं तुझ्याशी."

"मी ऐकलं असतं?"

"नसतं."

"मग झालं तर."

धाकट्याला हसू फुटलं. दादांनी खिशातून कागद काढला. नळीचं चित्र होतं, इस्पितळातून आल्यापासून चारदा काढून खोडलेलं. कुठे गळा आवळलाय, कुठे मोकळा हवा, उतार किती, शेवटी थेंब सुटायला टोक कसं. काम सांगताना दोघांच्याही आवाजातलं अवघडलेपण गेलं. जणू मधली वर्षं एक लांबलेली जेवणाची सुट्टी होती.

धाकटा आत गेला. दादा काचेच्या अलीकडे. पलीकडे नळी ज्योतीत फिरू लागली, आधी पिवळी, मग नारिंगी, मग मधासारखी झुकणारी. दादांनी हात वर केला. थांब. धाकटा थांबला. दादांनी बोट हळू वाकवलं. आता. धाकट्याने नळी वाकवली आणि दुसऱ्या टोकातून फुंक घातली. अलीकडे दादांचे ओठ तसेच झाले, गाल किंचित फुगले आणि लांब, सावकाश श्वास बाहेर पडला. पहिली नळी गेली, वळण जाड आलं. दुसरी मुरवण्याच्या, म्हणजे काच हळूहळू गार करायच्या भट्टीत ठेवता ठेवता तडकली. तिसरी जमली, आणि मग आणखी दोन. दादा बघत राहिले. दुपारचं ऊन मधल्या काचेवर आलं होतं. त्यात कधी धाकटा दिसे, कधी स्वतःचं प्रतिबिंब, कधी दोघं एकमेकांवर. फुंकणारा नक्की कोण हे सांगता आलं नसतं.

नळ्या थंड व्हायला एक दिवस लागला. मापाडीने त्या हातात घेतल्या तेव्हा तिला काय म्हणावं ते सुचेना. दुसऱ्या आठवड्यात तिने निरोप पाठवला की पलीकडच्या आजींनी पंधरा मिनिटं पुरी केली, आणि वर म्हणाल्या, हिच्यातून श्वास आपणहून जातो.

दीड महिन्याने दादा पुन्हा गेले, ह्या वेळी आपल्या पायांनी जिना चढून. मधल्या टप्प्यावर थांबले, पण चढले. वहिनी बरोबर होत्या आणि धाकटाही. रक्त दिलं, श्वास दिला. थेंब ह्या वेळी अडला नाही. काही दिवसांनी तिघं पुन्हा इस्पितळात गेले तेव्हा मापाडीने आकडे समोर ठेवले.

"हे त्या दिवशीचे राखणदार. आणि हे आताचे. वर आलेत. ठिणग्या खाली आल्यात."

"म्हणजे भरून आले?"

"सगळे नाही. तुमच्या वयाच्या धडधाकट माणसाएवढे नाहीत आणि होतील असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापेक्षा खूप बरे. दर वेळी दम उसळला की ते असे रिते होतात, काका. म्हणून उसळू द्यायचा नाही. पंप चुकवायचा नाही, लस घ्यायची, चालायचं. धुळीची खोकी उतरवायची नाहीत."

"आणि अधूनमधून काही दिवस नाहीत," वहिनींनी जोड दिली.

दादांनी मान डोलावली. राखणदार वर आलेत, एवढं वाक्य त्यांच्या मनात घोळत राहिलं. कोणीतरी आत राबत होतं. त्यांनी त्यांचा कधी विचारही केला नव्हता, आणि विचार न करता त्यांच्यावर काय काय लोटलं होतं.

तुलनेसाठी मापाडीला धडधाकट माणसंही हवी होती. धाकटा बाही वर करून पुढे झाला. "माझं घ्या. मी कधी सिगारेटला शिवलोही नाही."

"तुम्ही काचकाम करता. आधी फुंकून दाखवावं लागेल."

शेजारच्या खोलीचं दार लागलं. दादा बाहेर बाकावर बसले. आतून तपासणाऱ्या माणसाचा आवाज येत होता. "घ्या, घ्या, पूर्ण आत... आता फुंका! फुंका, फुंका, अजून, अजून, अजून..." तीन वेळा. दर वेळी दादांच्या बोटांनी बाकाची कड घट्ट धरली.

मापाडी कागद घेऊन बाहेर आली. धाकटा मागे, बाही खाली करत.

"वयाच्या मानाने थोडं कमी आहे," ती म्हणाली. "थोडंच. पण निरोगींच्या यादीत नाही घेता येणार तुम्हाला. वर्षातून एकदा येऊन दाखवत जा."

दादांनी मनात हिशेब केला. त्या विटा लावण्याआधी दोघांनी किती वर्षं एकाच ज्वाळेपुढे काढली होती, आणि त्यातली कितीतरी, धाकटा 'दादा, धूर फार होतोय' म्हणत असताना.

"माझ्यामुळे," ते म्हणाले.

"थोडंच आहे म्हणाल्या ना त्या." धाकट्याने कागदाची घडी करून खिशात घातली. "पंखा होता म्हणून थोडं. चल, वहिनी थांबल्यात."

इस्पितळातून तिघं बाजाराच्या रस्त्याने निघाले. चार वाजून गेले होते. ऊन मऊ झालं होतं आणि माणसं, हातगाड्या, सायकली त्यातून पोहत गेल्यासारख्या जात होत्या. धाकटा सवयीने भराभर दहा पावलं पुढे गेला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो एका दुकानापुढे थांबून आतला माल निरखू लागला. दादा तिथे पोचले, दोन श्वास घेतले. धाकटा पुन्हा निघाला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा थांबला. कुलपांचं दुकान. मग घड्याळांचं. मग छत्र्यांचं, आणि छत्र्यांपुढे तर तो इतका वेळ रमला की दादांचा दम परतून वर दोन गप्पाही झाल्या. वळून बघायचं मात्र नाव नाही.

चौथ्या खेपेला तो बायकांच्या चपलांच्या दुकानापुढे उभा होता, हात मागे बांधून, उंच टाचांच्या लाल जोडीकडे गंभीरपणे बघत.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "पायात बसतील का तुमच्या?"

धाकटा कानापर्यंत लाल झाला. दादा दाराच्या चौकटीला हात टेकून हसत सुटले. हसू खोकल्यापर्यंत गेलं, खोकल्यावरून परत आलं. मग त्यांनी ओठ शिट्टीसारखे केले, लांब, सावकाश श्वास सोडला आणि दुकानदाराला म्हणाले, "दोन मिनिटं बसू का हो इथे? माझ्या भावाला चपला पसंत करायला जरा वेळ लागतो."

दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं.